गंजलेला नट आणि घाईचा हात

नवरात्र आटोपले की कोपरीत घरोघरी साफसफाई आणि रंगकाम निघते. खिडकीच्या जाळ्या उतरवायच्या, पंखे खाली घ्यायचे, बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडी बदलायची, गच्चीवरच्या टाकीचा पाइप सोडवायचा. मग दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. कुणाच्या उजव्या हाताच्या बोटांवरची सालटे निघालेली, कुणाचा अंगठा टम्म सुजलेला, कुणी डोळ्यावर ओला रुमाल धरून बसलेला. काय झाले म्हणून विचारावे, तर उत्तर जवळजवळ एकच. "डॉक्टर, नट जाम झाला होता, जरा जोर लावला." आणि त्यामागून लगेच दुसरे वाक्य येते, "गंजलेले लोखंड होते, धनुर्वाताचे इंजेक्शन द्या."

या दोन्ही वाक्यांविषयी आज लिहायचे आहे. जोर लावण्यात लोकांना काही वावगे वाटत नाही आणि गंज मात्र विषारी वाटतो. दवाखान्यात बसून दिसते ते नेमके याच्या उलट.

आधी गंजाचे पाहू. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, आणि पाण्यात मीठ असले तर तो फार वेगाने चढतो. आपल्या कोपरीला यातल्या कशाचीच कधी वाण पडली नाही. एका अंगाला खाडी, मीठबंदराच्या तर नावातच मीठ, आणि वर चार महिने पाऊस. चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा, होडीला मारलेला लोखंडी खिळा किती दिवस टिकतो ते. खाडीकडच्या इमारतींत गॅलरीच्या कठड्याचे बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस होऊन फुगतात, हे आपण सगळेच पाहतो.

हे फुगणेच महत्त्वाचे आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. बोल्टच्या आणि नटाच्या आट्यांमध्ये जेमतेम केसभर फट असते. ती फट या फुगलेल्या गंजाने गच्च भरून जाते. म्हणजे आपण ज्याला 'घट्ट बसलेला' नट म्हणतो त्यात आतून सगळीकडून पाचर मारलेली असते. अशा नटावर ताकद लावली तर तीन गोष्टी होऊ शकतात. तो सुटेल, बोल्ट मोडेल, किंवा नटाचे कोपरे गोल होऊन पाना सटकेल. तिन्हींत शेवटचा क्षण सारखाच असतो. इतका वेळ अडून राहिलेली ताकद एकदम मोकळी होते आणि हात समोर जे असेल त्यावर जाऊन आदळतो.

आपण ठाणेकर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथे आलेल्या पहिल्या गाडीचे कौतुक सांगतो. त्या गाडीबरोबर रुळांच्या सांध्यांचेही थोडे कौतुक करायला हरकत नाही. रूळ एकमेकांना पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जोडलेले असतात. असे सांधे जिथे आहेत तिथे वर्षातून एकदा, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या थंड दिवसांत, ते उघडून, साफ करून, तेल-वंगण देऊन पुन्हा बसवायचे, असा रेल्वेच्या नियमपुस्तकात दंडक आहे. बोल्ट जाम होण्याची वाटच पाहायची नाही. घरातल्या जाळीच्या बोल्टला पावसाळा संपल्यावर ग्रीसचे बोट लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटला तर तो बहुधा निवृत्त रेल्वे कर्मचारीच निघेल!

जाम झालेला नट सोडवायला लागतो तो वेळ. तारेच्या ब्रशने वरचा सुटा गंज झाडावा. मग आट्यांच्या तोंडाशी तेल सोडावे. गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल दुकानात मिळते. यातले सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत मुळात धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून नावात चाळीस आले, असे त्याचे कर्ते सांगतात. ते नसेल तर रॉकेलात थोडे मशीनचे पातळ तेल मिसळूनही काम होते. गॅरेजमधले जळके काळे तेल मात्र वापरू नये. त्यातली काही द्रव्ये कातडीला वर्षानुवर्षे लागत राहिली तर कर्करोगाला निमंत्रण देतात. तेल सोडले की नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडून तेल आत झिरपते. आणि मग घरात जाऊन चहा घ्यावा. तासाभराने पुन्हा तेल, रात्री निजताना पुन्हा तेल. सकाळी आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा, मग सोडण्याच्या दिशेने. थोडा पुढे, थोडा मागे. सुताराला आणि फिटरला हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते आपल्यासारख्या रविवारच्या कारागिरांना.

यात एक गंमत नेहमी होते. वर तोंड करून किंवा मागच्या बाजूने काम करताना दिशेचा गोंधळ उडतो आणि माणूस घामाघूम होऊन नट सोडण्याऐवजी आवळत बसतो. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे तर मुळातच उलटे असतात. ती नेहमीच्या दिशेने सोडवायला जाऊन साखळीच्या चक्राच्या दात्यांवर पंजा फाडून घेतलेली मुले मी पाहिली आहेत.

आता हाताविषयी. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ओढताना सटकला तर हात मोकळ्या जागेत येतो. ढकलताना सटकला तर मूठ थेट भिंतीवर किंवा जाळीच्या पात्यावर. ढकलण्यावाचून गत्यंतरच नसेल तर मूठ न आवळता उघड्या तळव्याने ढकलावा, म्हणजे निदान बोटांची हाडे वाचतात. पाना मापाचा हवा, आणि शक्यतो नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना. कमीजास्त करायचा स्क्रू-पाना आणि पक्कड यांनी गंजलेला नट सोडवू पाहणे म्हणजे अपघाताची तयारीच. पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून तो लांब करायची युक्ती सर्वांना ठाऊक असते. फूटभराचा पाना तीन फुटांचा केला की नटावरचा पीळ तिप्पट होतो हे खरे. पण तो पाना एकदम सुटला तर तोल किती जाईल, याचा हिशोब कुणी करत नाही. कंबरेत उसण भरलेले, खांदा निखळलेले लोक येतात ते यातूनच.

काम सुरू करण्यापूर्वी बोटातली अंगठी काढून ठेवा. ही सूचना मी मुद्दाम वेगळी लिहितो आहे. सटकत्या हातातली अंगठी बोल्टच्या टोकाला किंवा जाळीच्या गजाला अडकली आणि शरीराचा भार पडला, तर बोटावरची कातडी रक्तवाहिन्यांसकट मोज्यासारखी उतरून येते. असे बोट वाचवणे निष्णात शल्यविशारदालाही फार अवघड जाते.

बोटाला जखम झाली असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. रक्त थांबले की बोट सरळ करून आणि वाकवून पाहा. बोट पुरते सरळ होत नसेल, वाकत नसेल किंवा टोकाला बधिरपणा असेल, तर जखम लहान दिसली तरी आतली शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. घरच्या पट्टीवर भागवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पंख्याचा किंवा उंचावरचा बोल्ट सोडवताना स्टुलावर उभे राहून ताकद लावणे हा साठीपुढच्या गृहस्थांचा आवडता उद्योग आहे. त्यांच्या कुटुंबीयांना विनंती, की मेन स्विच बंद करा, स्टुलाऐवजी चार पायांची घडीची शिडी द्या, आणि शिडी धरायला कुणीतरी उभे राहा. एवढे करूनही बोल्ट हलला नाही तर कारागीर बोलवा. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेपुढे कारागिराची मजुरी काहीच नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डोळ्यांची. वर पाहत गंज खरवडताना, छिन्नीने नट तोडताना, ग्राइंडर चालवताना लोखंडाचा कण उडून डोळ्यात जातो. बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेला लोखंडाचा कण तिथेच गंजू लागतो. काही तासांत त्याच्याभोवती गंजाचे तांबूस कडे तयार होते. कण निघाला तरी ते कडे मागे राहिले तर डोळा खुपत राहतो आणि जखम भरत नाही. रुमालाच्या टोकाने, काडीने, कुणाच्या जिभेने कण काढण्याचे प्रकार आजही चालतात. त्यातून पडद्यावर ओरखडा उठतो आणि जंतूंना वाट मिळते. डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. तेवढ्याने कण निघाला नाही किंवा खुपणे थांबले नाही, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. भिंगाच्या यंत्राखाली तो काढणे हे त्यांचे रोजचे काम आहे. औषधांच्या दुकानातून 'डोळे लाल झालेत, काहीतरी थेंब द्या' असे सांगून मिळालेले थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असले तर लाली जाते, बरे वाटते, आणि आत बुरशीची जखम वाढत असली तर ती पोसली जाते.

याहून फसवा प्रकार आहे छिन्नी-हातोडीचा. लोखंडावर लोखंड आपटताना उडणारी बारीक ठिकरी इतक्या वेगाने येते, की डोळ्याला भोक पाडून सरळ आत जाते. गंमत अशी, की दुखते फार थोडे. "काहीतरी लागल्यासारखे वाटले, मग काही नाही," असे रुग्ण सांगतो. नंतर नजर अंधुक होऊ लागते. आत राहिलेले लोखंड हळूहळू डोळ्याच्या नाजूक पडद्यात उतरते आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून ठोकताना डोळ्याला काही लागले आणि दिसण्यात किंचितही फरक वाटला, तर डोळ्यावर दाब न देता, तो न धुता, वर एखादे कडक कागदी आच्छादन धरून तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि 'हातोडी चालवत होतो' हे आवर्जून सांगावे. शोध एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅनने घेतात. लोखंडाचा संशय असताना एम.आर.आय. करायचा नसतो, कारण त्यातले प्रचंड चुंबक तो कण डोळ्यातच हलवते. हे सगळे टाळायला बाजूंनी बंद असलेला साधा प्लॅस्टिकचा चष्मा पुरतो. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही, कण बाजूने शिरतो.

कोपरी पूल ओलांडून वागळे इस्टेटमध्ये किंवा आसपासच्या गॅरेजांत कामाला जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ग्रीस गनचे तोंड कधीही बोटाजवळ धरू नका. दाबाखालचे ग्रीस कातडीतून आत शिरते तेव्हा बाहेर फक्त टाचणीएवढे छिद्र दिसते, आणि पहिले एक-दोन तास विशेष दुखतही नाही. पण आत ते बोटभर पसरलेले असते. असे बोट तातडीने शस्त्रक्रियेने उघडून साफ करावे लागते, उशीर झाला तर कापावे लागते. 'उद्या पाहू' म्हणण्याची ही जखम नव्हे.

दुसरी गोष्ट, गॅसच्या ज्योतीने तापवून नट सोडवण्याची. तापलेला नट प्रसरण पावतो आणि सुटतो, हे खरे आहे. पण बोल्टवर जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे आपोआप ओसरते. सुट्टीनंतर पुन्हा कामाला लागले की हा ताप हमखास येतो, म्हणून त्याला 'सोमवारचा ताप' असेही म्हणतात. आपल्याकडे हिवतापाच्या दिवसांत तो सहज हिवताप समजला जातो. रक्त तपासायचेच, पण डॉक्टरांना कालचे कामही सांगा. मुलामा कॅडमियमचा असेल तर मामला गंभीर असतो. धूर घेतल्यानंतर दम लागू लागला तर घरी थांबू नये. आणि ज्या बोल्टवर तेल किंवा रॉकेल सोडले आहे त्याला ज्योत दाखवायची नाही, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो.

आता धनुर्वात. गंजाने धनुर्वात होत नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी नावाच्या जंतूने, आणि त्याचे बीजाणू मातीत, धुळीत, गुराढोरांच्या शेणात असतात. १८८४ साली जर्मनीत निकोलायर याने प्राण्यांना नुसती माती टोचून धनुर्वात झालेला दाखवला. १८८९ मध्ये जपानच्या किटासाटो यांनी बर्लिनमध्ये हा जंतू वेगळा करून वाढवला, आणि पुढच्याच वर्षी फॉन बेरिंग यांच्याबरोबर त्याच्या विषावरचा उतारा शोधला. या जंतूला प्राणवायू सोसत नाही. खोल, अरुंद, हवा न पोहोचणारी जखम त्याला मानवते. गंजलेला खिळा बदनाम झाला तो यामुळेच. तो मातीत पडलेला असतो, खडबडीत असल्याने माती धरून ठेवतो आणि पायात खोल घुसतो. बागेतल्या गुलाबाचा काटा किंवा गोठ्यातली बांबूची चिरी तेवढीच धोक्याची. घासून लखलखीत केलेला खिळाही मातीतून उचलला असेल तर तितकाच.

जखमेत शिरलेले बीजाणू साधारण तीन ते एकवीस दिवसांत आपला प्रताप दाखवतात. आधी जबडा आखडतो, दातखीळ बसते, मग मान, पाठ, सारे शरीर कमानीसारखे ताणले जाते. शुद्ध शाबूत असते, हे यातले सर्वांत क्रूर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी अशा अत्यवस्थ रुग्णांवर अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षे काम केले. या रोगावरचा त्यांचा ग्रंथ १९९४ साली निघाला. एकदा विष मज्जातंतूंना चिकटले की कोणतेही इंजेक्शन ते सोडवू शकत नाही. त्याचा अंमल उतरेपर्यंत रुग्णाला आठवडेच्या आठवडे श्वासयंत्रावर जगवत ठेवावे लागते. आणि एवढे भोगूनही त्या माणसाला पुन्हा धनुर्वात होऊ शकतो. कारण या विषाची इतकी सूक्ष्म मात्रा जीवघेणी असते, की तेवढ्याने शरीराला प्रतिकारशक्ती तयार करता येत नाही. ती देते फक्त लस.

इंजेक्शनचा गोंधळ इथेच आहे. दर सहा महिन्यांनी टी.टी. घ्यावी लागते, अशी समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे. ती चुकीची आहे. लहानपणीचे सर्व डोस पुरे झालेल्या माणसाला दर दहा वर्षांनी एक पूरक डोस पुरतो. जखम माती-शेणाने माखलेली किंवा खोल असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर तेव्हा एक घ्यावा. म्हणजे मार्चमध्ये टोचून घेतलेल्या तरुणाला ऑक्टोबरात नट लागला म्हणून पुन्हा टोचण्याचे कारण नाही. सरकारी लसीकरणात आता नुसत्या टी.टी.ऐवजी टी.डी. देतात, त्यात घटसर्पाविरुद्धचेही संरक्षण असते.

खरी गरज असते ती इंजेक्शन न मागणाऱ्यांना. आपल्या देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ नंतर तो सर्वदूर नेण्यात आला. म्हणजे आज पन्नाशीला आलेल्या आणि त्यापुढच्या अनेकांना लहानपणी ही लस मिळालेलीच नाही. बायकांना निदान गरोदरपणी टोचले जाते, आणि त्या मोहिमेमुळेच बाळंतिणी व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून २०१५ मध्ये उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. पण ज्या आजींची बाळंतपणे घरीच सुईणीच्या हातून झाली त्या यातून सुटल्या. कुंड्यांतली माती उकरणाऱ्या, अंगणात अनवाणी वावरणाऱ्या याच. अशा व्यक्तींना एका इंजेक्शनने भागत नाही. पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा, एवढे पुरे करावे लागते. लस अपुरी आणि जखम घाणेरडी असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते.

इंजेक्शन घेतले म्हणून जखम धुवायचे मात्र टळत नाही. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, रॉकेल, ग्रीस काहीही भरू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पाच-दहा मिनिटे धुवा, माती निघून जाईपर्यंत. मधुमेह असेल तर तो सांगा. आणि दवाखान्यात येताना शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते ते घरच्यांना विचारून या. तारीख नसली तरी चालेल, साल कळले तरी पुष्कळ. लग्नाच्या आधी की नंतर, एवढे तर बहुतेकांना आठवतेच.